अन्नदानापासून अभयदानापर्यंत : क्वेकर स्वयंसेवक आणि निर्वासित बालके

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चतुर्विध दानाचा विचार आपल्या घरांतून लहानपणापासून कानांवर पडत असतो. पहिली तीन दाने डोळ्यांना दिसतात, मोजताही येतात. भोजनशाळेत किती पाने उठली, दवाखान्यात किती रुग्ण तपासले, किती विद्यार्थ्यांना पुस्तके दिली, हे अहवालात मांडता येते. अभयदानाचे तसे नाही. भयभीत जीवाला ‘आता तुला धोका नाही’ असा विश्वास देणे, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहावी? आणि भयभीतांमध्येही सर्वांत असहाय कोण, असे विचारले तर युद्धामुळे घर, गाव आणि पुष्कळदा आईबाप गमावलेले परदेशातील निर्वासित बालक, असेच उत्तर द्यावे लागेल.

विसाव्या शतकात अशा बालकांची संख्या लाखांच्या घरात गेली. त्यांच्यासाठी अनेक धर्मसंस्था पुढे आल्या. त्यांपैकी एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा, म्हणजे ‘रिलिजियस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ अथवा क्वेकर समाजाचा इतिहास अहिंसेवर श्रद्धा ठेवणाऱ्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. संख्येने अल्प, युद्धाला तत्त्वतः विरोध, व्यापारउदिमात सचोटीबद्दल प्रसिद्धी आणि धनाचा विनियोग लोकोपयोगी कामांत, ही त्यांची वैशिष्ट्ये आपल्याला परकी वाटणार नाहीत. आपल्या परिचयाच्या कॅडबरी चॉकलेटचा कारखाना उभारणारे कुटुंब याच पंथाचे. या समाजाच्या स्वयंसेवकांनी परदेशांत जाऊन निर्वासित मुलांची जी सेवा केली, तिचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

पंथाचा उगम आणि शांततेचे व्रत

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये यादवी युद्धाने समाज विस्कटलेला असताना जॉर्ज फॉक्स या धर्मोपदेशकाभोवती काही माणसे जमली. प्रत्येक मनुष्याच्या अंतरंगात ईश्वरी प्रकाश आहे आणि तो जाणण्यासाठी मध्यस्थ पुरोहिताची गरज नाही, ही त्यांची मूळ धारणा. त्यांच्या पारंपरिक उपासनेत मंत्रपठण नसते, वेदी नसते. सर्वजण एकत्र येऊन मौन धारण करतात आणि ज्याला अंतःप्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो.

प्रत्येकाच्या ठायी हा प्रकाश आहे असे एकदा मानले की कोणाचाही वध करणे अशक्य होते. या विचारातूनच त्यांनी सर्व युद्धांना आपला विरोध राजा दुसरा चार्ल्स याच्यापुढे लेखी स्वरूपात मांडला. या निवेदनाचे वर्ष १६६० असे सांगितले जाते. या व्रताचे पालन सर्वांनीच केले असे नाही. पहिल्या महायुद्धात अनेक क्वेकर तरुण सैन्यातही गेले. शिवाय त्यांची अहिंसा मुख्यतः मनुष्यामनुष्यांतील संघर्षापुरती राहिली. बहुतेक क्वेकर शाकाहारी नाहीत. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व जीवांचा विचार करणाऱ्या परंपरेला ही मर्यादा जाणवल्याशिवाय राहणार नाही. तथापि शस्त्र हाती न घेणाऱ्याने युद्धकाळात स्वस्थ बसावे काय, या प्रश्नाला या समाजाने दिलेले उत्तर मोलाचे आहे. शस्त्र नाकारणाऱ्यावर युद्धाच्या जखमा बांधण्याचे दायित्व अधिकच येते, असे त्यांनी मानले.

१८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ब्रिटिश क्वेकरांनी युद्धग्रस्तांसाठी साहाय्य समिती स्थापन केली. लाल-काळ्या रंगाचा अष्टकोनी तारा तेव्हापासून त्यांच्या मदतकार्याची खूण बनला. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यानंतर ३० एप्रिल १९१७ रोजी फिलाडेल्फिया येथे ‘अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी’ स्थापन झाली. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रूफस जोन्स हे तिचे पहिले अध्यक्ष. धर्मबुद्धीने शस्त्र नाकारणाऱ्या तरुणांना सेवेचा पर्यायी मार्ग मिळावा, हा या संस्थेचा हेतू होता. हे तरुण फ्रान्समध्ये जाऊन उद्ध्वस्त खेड्यांतील घरे उभारू लागले. परदेशांतील सेवाकार्याची शिस्त त्यांना येथे लागली.

शत्रूच्या मुलांना भोजन

खरी कसोटी युद्ध संपल्यावर लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधी झाली, तरी दोस्त राष्ट्रांची जर्मनीभोवतीची सागरी नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत उठली नाही. दूध, चरबी, धान्य यांचा तुटवडा पराकोटीला गेला. मुडदूस आणि क्षय यांनी मुलांना ग्रासले. त्या जुलै महिन्यात समाजसेविका जेन ॲडम्स आणि क्वेकर कार्यकर्त्या कॅरोलिना वुड यांनी जर्मनीत प्रवास करून तेथील बालकांची अवस्था प्रत्यक्ष पाहिली आणि मायदेशी निवेदन केली. कालपर्यंत ज्यांच्याशी युद्ध चालू होते त्यांच्या मुलांना अन्न द्यावे, ही कल्पना तेव्हा अमेरिकेत लोकप्रिय नव्हती. विजयी राष्ट्रांतील मातांचेही पुत्र रणांगणावर पडले होते. त्यांच्याकडे शत्रूच्या मुलांसाठी मदत मागणे किती अवघड, याची कल्पना आपण करू शकतो.

अमेरिकेच्या साहाय्य प्रशासनाचे प्रमुख हर्बर्ट हूव्हर, जे पुढे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते स्वतः क्वेकर संस्कारांत वाढलेले होते. जर्मनीतील बालभोजनाचे काम त्यांनी क्वेकरांकडे सोपविले. १९२० च्या प्रारंभी आल्फ्रेड स्कॅटरगुड यांच्या नेतृत्वाखाली एक लहान तुकडी बर्लिनमध्ये दाखल झाली. १९२१ च्या उन्हाळ्यात या योजनेतून दररोज जेवणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर पोहोचली. त्यांत बालकांबरोबर गर्भवती आणि स्तनदा मातांचाही समावेश होता.

मूठभर परदेशी स्वयंसेवकांनी दहा लाख पाने कशी वाढली, हे समजून घेण्यासारखे आहे. धान्य, दूध, कोको आणि चरबी यांचा पुरवठा, हिशेब आणि देखरेख एवढेच काम स्वयंसेवकांनी स्वतःकडे ठेवले. स्वयंपाक, वाढप आणि जागेची व्यवस्था स्थानिक समित्यांकडे होती. हजारो जर्मन शिक्षक, गृहिणी आणि कार्यकर्ते त्यात राबत होते. कोणत्या मुलाला भोजन द्यावयाचे हे डॉक्टर त्याची उंची आणि वजन पाहून ठरवीत. श्रीमंत-गरीब, कॅथलिक-प्रॉटेस्टंट-ज्यू, कामगारवस्ती की उच्चभ्रू वस्ती, असा भेद त्यात नव्हता. मुलाने शाळेत अथवा केंद्रात बसूनच खावयाचे होते, म्हणजे ते अन्न दुसरीकडे जाण्याची शक्यता उरत नसे. अन्न अपुरे आणि मुले अमाप असल्यामुळे सर्वांत कृश मुलांची निवड करावी लागे आणि थोड्या कमी कृश मुलाला परत पाठवावे लागे. सेवाकार्यातील हे दुःख अहवालांत फारसे उतरत नाही.

या भोजनाच्या मोबदल्यात उपदेश नव्हता, धर्मांतर नव्हते, जयजयकाराची अपेक्षाही नव्हती. जर्मन भाषेत या उपक्रमाला ‘क्वेकरश्पाइसुंग’ म्हणजे क्वेकरांचे भोजन असे नावच पडले आणि त्या पिढीच्या स्मरणात ते टिकून राहिले. या स्मरणाचे महत्त्व अठरा वर्षांनी प्रकट झाले. तो प्रसंग पुढे येईलच.

स्पेन : दोन्ही बाजूंची बालके

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. माद्रिद आणि अन्य शहरांतून निघालेली मुले आगगाड्यांनी बार्सिलोनाला येऊ लागली. तेथे आल्फ्रेड जेकब आणि त्यांच्या पत्नी नॉर्मा या क्वेकर दांपत्याने रेल्वे स्थानकावरच उपाहारकेंद्र सुरू केले. गाडीतून उतरलेल्या मुलाच्या हाती गरम दूध किंवा कोकोचा पेला ठेवावयाचा, एवढे साधे ते काम. पण अपरिचित शहरात पाऊल टाकताच कोणीतरी आपली वाट पाहत आहे, हे त्या मुलाला त्या पेल्यातूनच कळत असे.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मालागा शहर पडल्यावर तेथील निर्वासितांचे लोंढे मुर्सिया या गावी आले. अर्धवट बांधलेल्या एका उंच इमारतीत हजारो माणसे दाटीवाटीने राहत होती. बर्मिंगहॅमच्या शिक्षिका फ्रान्सेस्का विल्सन तेथे पोहोचल्या. मुलांसाठी न्याहारी, पाठोपाठ बालरुग्णालय आणि मोठ्या मुलींसाठी शिवणकामाचे वर्ग अशी कामे त्यांनी एकामागून एक उभी केली. रिकामे हात दुःखाला खतपाणी घालतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून निर्वासितांना केवळ घेणारे न ठेवता कामाला लावण्यावर त्यांचा भर होता. आहार, औषध आणि विद्या ही तिन्ही दाने येथे एकाच छपराखाली आलेली दिसतात.

या युद्धात जगातील बहुतेक साहाय्यसंस्था एक बाजू घेऊन उभ्या होत्या. अमेरिकन क्वेकरांनी मात्र प्रजासत्ताकवादी आणि राष्ट्रवादी अशा दोन्ही बाजूंच्या प्रदेशांत मुलांना अन्न दिले. त्यामुळे दोन्हीकडून त्यांच्यावर संशय घेतला गेला. एकाच सत्याला अनेक बाजू असतात हे मानणे सोपे आहे. तोफा धडधडत असताना दोन्ही बाजूंच्या बालकांपुढे ताट मांडणे, ही त्या विचाराची खरी परीक्षा होती.

मुलांच्या आगगाड्या

आता जर्मनीकडे पुन्हा वळू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच ब्रिटिश क्वेकरांनी जर्मनीसाठी एक तातडीची समिती नेमली. बर्था ब्रेसी या तिच्या सचिव होत्या. १८९३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिल येथे जन्मलेल्या ब्रेसी यांनी १९२० नंतरच्या दशकात व्हिएन्ना आणि जर्मनीत युवकांमध्ये काम केले होते. तेथील भाषा आणि माणसे त्यांना चांगली ठाऊक होती.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि हजारो पुरुषांना छळछावण्यांत टाकण्यात आले. वस्तुस्थिती पाहण्यासाठी ब्रिटिश ज्यू नेत्यांना जर्मनीत जाणे धोक्याचे होते. म्हणून क्वेकर स्वयंसेवकांची एक लहान तुकडी गेली. त्यांनी ज्यू मातापित्यांच्या आणि महिला कार्यकर्त्यांच्या भेटी घेतल्या. आम्हांला येता येत नसेल तर निदान आमची मुले तरी न्या, अशी त्या मातापित्यांची तयारी असल्याचे या तुकडीने परत येऊन सांगितले.

२१ नोव्हेंबर १९३८ रोजी ज्यू आणि क्वेकर प्रतिनिधींचे शिष्टमंडळ ब्रिटनचे गृहमंत्री सॅम्युएल होअर यांना भेटले. बर्था ब्रेसी त्यात होत्या. त्याच दिवशी संसदेत हा विषय चर्चेला आला. चर्चेला आरंभ करणारे फिलिप नोएल-बेकर हेही क्वेकर होते. सतरा वर्षांखालील मुलांना प्रवेश देण्याचे सरकारने मान्य केले. २ डिसेंबर १९३८ रोजी सुमारे दोनशे मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. १ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाला तोंड फुटेपर्यंतच्या नऊ महिन्यांत सुमारे दहा हजार मुले ब्रिटनमध्ये आली. त्यांतील बहुसंख्य ज्यू होती.

एक लहान पेटी, थोडे पैसे आणि गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, एवढ्यावर ही मुले निघत. सोबत जाणाऱ्या प्रौढांना मुले पोहोचवून जर्मनीत परतावेच लागे. एक जरी परतला नाही तरी पुढच्या गाड्या बंद होण्याची भीती होती. सुरक्षित भूमीवर पाऊल ठेवून, मागे फिरून पुन्हा त्या वणव्यात जाणाऱ्या या अनामिक सोबत्यांचा त्याग विसरता येत नाही.

हे काम ज्यू संस्था, क्वेकर आणि अन्य ख्रिस्ती कार्यकर्ते यांनी एकत्र केले. त्याचे श्रेय एकट्या क्वेकरांना देणे न्याय्य ठरणार नाही. या कार्याला दुःखाची किनारही आहे. आईबापांना प्रवेश नव्हता. बहुतेक मुलांना त्यांचे आईवडील पुन्हा भेटले नाहीत. ज्यू कुटुंबे अपुरी पडल्यामुळे पुष्कळ मुले ख्रिस्ती घरांत वाढली. त्यांचा वडिलोपार्जित धर्म, सण आणि प्रार्थना यांचे काय होणार, याची चिंता ज्यू धर्मगुरूंनी बोलून दाखविली आणि ती निराधार नव्हती. आश्रय देणाऱ्याने मुलाचा धर्मही विश्वस्ताच्या भावनेने सांभाळावा लागतो. मंदिराच्या मालमत्तेची विश्वस्त जशी राखण करतो, तशी परक्या मुलाच्या श्रद्धेची राखण करणे हे त्याहून नाजूक काम आहे.

गेस्टापोच्या कचेरीतील मौन

याच डिसेंबर १९३८ मध्ये अमेरिकेतून तीन क्वेकर बर्लिनला गेले. त्यांत पंचाहत्तर वर्षांचे रूफस जोन्स होते. जॉर्ज वॉल्टन आणि रॉबर्ट यार्नल हे त्यांचे सहकारी. सरकारी गुप्त पोलीस, म्हणजे गेस्टापो, यांच्या मुख्यालयात त्यांनी प्रवेश मिळविला. ज्यूंना अन्न पोहोचविण्यास आणि देशाबाहेर जाण्यास मदत करण्याची परवानगी त्यांना हवी होती. सोबत नेलेल्या निवेदनात त्यांनी आठवण करून दिली ती पहिल्या महायुद्धानंतरच्या बालभोजनाची. आम्ही तुमच्या मुलांना अन्न दिले तेव्हा कोणाचा पक्ष पाहिला नव्हता, आजही पाहत नाही, असा त्याचा आशय होता.

अधिकारी आतल्या खोलीत विचारविनिमयासाठी गेले तेव्हा या तिघांनी मस्तक नमवून मौन उपासना केली. अधिकारी परत आले आणि त्यांनी परवानगी दिली. या परवानगीचा उपयोग मर्यादितच झाला. त्या राजवटीची क्रूरता त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. तरीही जेथे कोणाला प्रवेश नव्हता तेथे या तीन वृद्धांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. फळाची इच्छा न धरता केलेले दान अठरा वर्षांनी एक दार किलकिले करू शकले, एवढे तरी यातून दिसते.

नियम मोठा की मूल?

१९३९ च्या प्रारंभी स्पेनमधील प्रजासत्ताक कोसळले आणि सुमारे पाच लाख निर्वासित पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये शिरले. समुद्रकिनाऱ्याच्या उघड्या वाळूवर तारांच्या कुंपणात त्यांना ठेवण्यात आले. पुढे रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत स्पॅनिश निर्वासितांबरोबर मध्य युरोपातून आलेले ज्यूही डांबले गेले. आयर्लंडमधील कॉर्क शहरात १९०८ मध्ये जन्मलेल्या मेरी एल्म्स या विदुषी स्पेनमधील बालरुग्णालयांत काम करून आता पर्पिन्याँ येथे क्वेकरांच्या केंद्राचे काम पाहू लागल्या. त्या स्वतः क्वेकर पंथाच्या नव्हत्या. सेवेसाठी पंथाची अट नव्हती, हेही यावरून दिसते.

ऑगस्ट १९४२ मध्ये रिव्हसाल्तमधून ज्यूंना पूर्वेकडे पाठविणे सुरू झाले. त्या गाड्यांची अखेर आऊश्वित्झला होत होती. संस्थेचे धोरण उघडपणे आणि कायद्याच्या चौकटीत काम करण्याचे होते. याच शिस्तीमुळे तिला छावण्यांत प्रवेश मिळत असे. नियम मोडला आणि छावणीचे दार बंद झाले, तर आत राहिलेल्या शेकडो मुलांचे दूध बंद होणार. नियम पाळला, तर समोरचे मूल गाडीत चढणार. या धर्मसंकटात मेरी एल्म्स यांनी समोरच्या मुलाची निवड केली. आपल्या मोटारीच्या मागच्या सामान ठेवण्याच्या जागेत मुलांना लपवून त्यांनी छावणीबाहेर काढले आणि डोंगराळ भागातील आश्रयस्थानी पोहोचविले. १९४३ च्या प्रारंभी त्यांना अटक झाली. सुमारे सहा महिने त्या तुरुंगात होत्या. सुटका होताच त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या. युद्धानंतर त्यांनी सन्मान स्वीकारले नाहीत आणि या विषयावर फारशा बोलल्याही नाहीत. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या आयरिश व्यक्ती होत.

त्यांच्या सहकारी, नॉर्वेजियन वंशाच्या परिचारिका ॲलिस रेश यांनी त्याआधी १९४१ मध्ये गुर्स येथील छावणीतून ४८ मुलांना बाहेर काढून आस्पे या गावच्या बालगृहात नेले होते. छावणीत मागे राहणाऱ्या मातांनी ही मुले त्यांच्या स्वाधीन केली. सर्वच प्रयत्नांना यश आले असे मात्र नाही. अशा मुलांना अमेरिकेत पाठविण्याची मोठी योजना १९४२ मध्ये आखण्यात आली होती. तथापि नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्स व्यापला आणि ती योजना तेथेच थांबली. कागदपत्रांतील काही आठवड्यांचा विलंब म्हणजे काय, हे त्या मुलांच्या भवितव्याने ठरविले.

युद्धानंतर

१९४५ च्या ऑगस्टमध्ये थेरेझिएनश्टाट छावणीतून वाचलेल्या सुमारे तीनशे अनाथ मुलांना प्राग येथून इंग्लंडला आणण्यात आले. त्यांच्या प्रवासासाठी बर्था ब्रेसी आणि ज्यू नेते लेनर्ड मॉन्टेफियोरे यांनी युद्धखात्याकडे विमाने मागितली. शहरांवर अग्निवर्षाव करण्यासाठी घडविलेली बाँबफेकी विमाने मुलांना कुशीत घेऊन उतरली. युद्धसामग्रीचा इतका सुंदर उपयोग क्वचितच झाला असेल.

१९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक ब्रिटिश आणि अमेरिकन क्वेकरांच्या सेवासंस्थांना संयुक्तपणे मिळाले. समारंभासाठी विशिष्ट प्रकारचा लांब कोट आवश्यक होता. अमेरिकन संस्थेचे प्रतिनिधी हेन्री कॅडबरी यांच्याकडे तो नव्हता. निर्वासितांसाठी गोळा केलेल्या जुन्या कपड्यांच्या साठ्यातून त्यांनी एक कोट उसना घेतला आणि पारितोषिक स्वीकारले. त्याच वर्षीच्या विचारार्थ यादीत महात्मा गांधींचे नाव होते. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर आणि गणेश वासुदेव मावळंकर हे दोन मराठी पुरुष ते नाव सुचविणाऱ्यांत होते. पुढच्याच वर्षी क्वेकरांनी स्वतः गांधीजींचे नाव सुचविले. दुर्दैवाने ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्या वर्षी शांतता पारितोषिक कोणालाच देण्यात आले नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गाझा पट्टीतील सुमारे दोन लाख पॅलेस्टिनी निर्वासितांच्या साहाय्याचे काम अमेरिकन क्वेकरांकडे दिले. दहा वर्षांपूर्वी ज्यू मुलांसाठी गेस्टापोच्या दारी गेलेली संस्था आता अरब मुलांना दूध वाटू लागली आणि तंबूंत शाळा भरवू लागली. शिक्षक निर्वासितांतीलच होते. शिधापत्रिकांची यादी तपासून खऱ्या गरजूंपर्यंत धान्य जाईल, असा प्रयत्न झाला. १९५० च्या वसंतात काम संयुक्त राष्ट्रांच्या नव्या यंत्रणेकडे सोपवून स्वयंसेवक परतले. राजकीय तोडग्याविना केवळ शिधा देत राहणे माणसाला परावलंबी करते, असे त्यांचे मत झाले होते. सेवा केव्हा सुरू करावी याइतकेच ती कोणत्या अटीवर चालवावी, याचाही विचार त्यांनी केला.

भारताशी जुळलेला धागा

या कार्याचा धागा आपल्या देशाशीही जुळलेला आहे. रूफस जोन्स १९२६ मध्ये साबरमतीला येऊन गांधीजींना भेटले होते. १९४२ मध्ये क्वेकरांचे रुग्णवाहिका पथक कलकत्त्यास आले. होरेस अलेक्झांडर आणि रिचर्ड सायमंड्स त्यात होते. १९४३ च्या बंगाल दुष्काळात या पथकाने मुलांसाठी दूधकेंद्रे चालविण्यात भाग घेतला. ऑगस्ट १९४७ मध्ये गांधीजी कलकत्त्यात दंगल शमविण्यासाठी राहिले, तेव्हा अलेक्झांडर त्यांच्यासोबत होते. क्वेकर शिक्षिका मार्जरी साइक्स यांनी वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नयी तालीमच्या कामात अनेक वर्षे वेचली.

निर्वासित बालके आपल्या महाराष्ट्राच्या मातीनेही पाहिली आहेत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. मुलांसाठी पोलिश भाषेतील शाळा होत्या आणि त्यांच्या धर्माप्रमाणे चर्चही होते. पंचगंगेच्या काठी ती मुले आपली भाषा आणि श्रद्धा घेऊन वाढली. आश्रय असा असावा. अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर परिसरातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. ती मुले कोणत्या जातिधर्माची, हा प्रश्न तेथेही गौण ठरला.

या इतिहासापासून काय घ्यावे?

सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा आणि आत्मपरीक्षणाचा प्रसंग असतो. अशा वेळी दुसऱ्या एका लहान समाजाच्या कार्याकडे पाहताना काही गोष्टी मनात भरतात.

पहिली गोष्ट, दान देताना त्यांनी पात्रतेची एकच कसोटी लावली आणि ती म्हणजे गरज. जर्मन, स्पॅनिश, ज्यू आणि अरब मुलांना त्यांनी एकाच मापाने मोजले. दुसरी, त्यांनी आपला पंथ वाढविण्यासाठी भुकेचा उपयोग केला नाही. तिसरी, स्थानिक माणसांच्या हाती काम देऊन स्वतः हिशेब आणि शिस्त सांभाळली. चौथी, आपल्या मर्यादा त्यांनी झाकल्या नाहीत. कोणाला अन्न देता आले नाही, कोणते मूल वाचविता आले नाही, याची जाणीव त्यांनी बाळगली. आणि पाचवी, जी या सर्वांहून कठीण आहे, ती म्हणजे प्रसंगी संस्थेच्या नियमापलीकडे जाऊन भयभीत जीवाच्या पाठीशी उभे राहणारी माणसे त्यांच्यात निपजली.

धन, वास्तू आणि घटना यांच्या बळावर संस्था पन्नास वर्षे टिकते. ती पुढची पन्नास वर्षे कशासाठी टिकावी, हे मात्र तिच्या स्वयंसेवकांच्या अंतःकरणावर अवलंबून असते. जगात आजही लक्षावधी बालके घरादाराला पारखी झालेली आहेत. आपल्या शहराच्या वेशीवर ऊसतोडणीसाठी, वीटभट्टीसाठी स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांची मुलेही आपल्याला दिसतात. ती निर्वासित नसली तरी शाळा, औषध आणि स्थैर्य यांना दुरावलेली असतात. परदेशी जाणे प्रत्येकाला शक्य नाही. आपल्या भोजनशाळेचे, दवाखान्याचे आणि वसतिगृहाचे दार अशा एखाद्या मुलासाठी त्याचे नाव-गाव न विचारता उघडणे मात्र आपल्या हाती आहे. ज्या दिवशी ते मूल आपल्या अंगणात निर्भयपणे खेळू लागेल, त्या दिवशी चतुर्विध दानातील चौथे दान पूर्ण झाले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!